माथेरानची एक दिवसाची सहल: डबा, सॅक आणि माकडं

माथेरानला पहिल्यांदा निघालेले लोक विचारतात, माकडं नेमकी कुठल्या पॉइंटला असतात? प्रश्न उलटा विचारलेला बरा, कारण माकडं नसतात अशा जागाच तिथे थोड्या. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर पाय खाली ठेवलात की ती दिसायला लागतात, आणि पुढे बाजार, स्टेशन, तलाव, प्रत्येक पॉइंटचा कठडा सगळीकडे सोबत करतात. ती तुमच्याकडे बघत नसतात, तुमच्या हातातल्या पिशवीकडे बघत असतात. म्हणून सहलीत माकडांचा त्रास किती होणार, हे बऱ्याच अंशी आदल्या रात्री घरी सॅक भरतानाच ठरतं. खालची सगळी माहिती चार ते आठ मित्रमैत्रिणींच्या गटाला धरून दिली आहे.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत हवा छान, दऱ्या स्वच्छ दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये अंजनीला निळीजांभळी फुलं येतात आणि झाडांची सावली असल्यामुळे चालणं सुसह्य असतं, पण पाणी जास्त लागतं. पावसाळ्यात धबधबे आहेत, हिरवाई आहे आणि धुकंही आहे. पॉइंटवर जाऊन पांढऱ्या भिंतीपलीकडे काही न दिसता परत यायची तयारी ठेवा. जांभ्याच्या दगडावर शेवाळ धरतं आणि त्यावर गुळगुळीत तळव्याचे बूट घालून चालणं म्हणजे पाय मोडून घेणं.

वार मात्र ऋतूपेक्षा महत्त्वाचा. शनिवार-रविवार टाळता आला तर मंगळवार-बुधवार धरा. गर्दीच्या दिवशी खाऊ घालणारे हातही जास्त असतात, आणि अशा दिवशी दुपारपर्यंत माकडं भलतीच धीट झालेली असतात.

आदल्या रात्रीची सॅक

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हातात लोंबणारी प्लास्टिकची कॅरीबॅग. तिच्या चुरचुर आवाजाचा अर्थ माथेरानच्या माकडांना पक्का ठाऊक आहे. वेफर्सची पाकिटं, बिस्किटपुडे, कागदात गुंडाळलेला वडापाव, फ्रूटीचा खोका, शीतपेयाची बाटली ही त्यांच्या ओळखीची माणसं म्हणा ना. केळी तर नेऊच नका. ती सॅकच्या तळाशी असली तरी वास बाहेर येतोच, आणि वर सालं टाकायला जागा मिळत नाही.

सहा जणांच्या गटाला असं पुरतं:

माणशी चार पोळ्या किंवा थेपले, म्हणजे चोवीस. सव्वा किलो बटाट्यांची सुकी भाजी, एका छोट्या डबीत दाण्याची चटणी. हे सगळं क्लिपच्या स्टीलच्या डब्यांत. डब्यावर एक जुना नॅपकिन घट्ट बांधा. त्याने वासही दबतो आणि डबा सॅकमध्ये खडखडत नाही. पाणी माणशी दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. मीठ-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची, चार पाकिटं. एक लहान साबणाची वडी, पोविडोन आयोडीनची छोटी बाटली, गॉज आणि पट्टी. साबणाचं काय काम, ते पुढे चावण्याच्या भागात येईल.

खाण्याचे डबे सहा सॅकमध्ये विभागू नका. एकाच मजबूत सॅकमध्ये भरा आणि ती गटातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. बाकीच्या पाच जणांकडे खाण्याचं काही नसेल तर लक्ष ठेवायला एकच सॅक उरते. तिच्या चेनचे दोन्ही हूक एकत्र आणून त्यांतून सेफ्टी पिन घाला किंवा सुतळीची गाठ मारा. हे अतिरेकी वाटत असेल तर माकडाचं काम जवळून बघा. बाकावर ठेवलेल्या सॅकजवळ ते आधी पाठ करून बसतं, जणू त्याला दरीच बघायची आहे. मग एक हात मागे जातो, बाहेरच्या कप्प्यावरून फिरतो, कापडातून पाकीट चाचपतो. पाकीट लागलं की बोटं चेनच्या हुकाशी येतात आणि चेन उघडते. हूक अडकलाच तर कापडावर दात. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं. गाठ मारलेली असेल तर या कामाला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुमचं लक्ष जातं. गाठीचा उपयोग इतकाच.

सॅकच्या बाजूच्या जाळीच्या कप्प्यांत बाटली ठेवायची सवय असेल तर ती या एका दिवसापुरती सोडा. रंगीत सरबताची बाटली तर अजिबात नको. माकड झाकण फिरवत बसत नाही, ते बुडाला दात लावून भोक पाडतं. चष्म्याला मागून दोरी लावा. मोबाइलला मनगटात अडकवायची दोरी असू द्या. टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी. कानातले लोंबते डूल, चमकणाऱ्या किचेन घरी ठेवा. औषधं रोज घ्यावी लागत असतील तर ती सॅकमध्ये न ठेवता पँटच्या बटणाच्या खिशात. गोळ्यांच्या पट्टीचा आवाज चॉकलेटच्या कागदासारखाच होतो.

रोख पैसे घ्या. दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो, टॅक्सी आणि घोडेवालेही रोख घेतात, आणि डोंगरावर मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते.

नेरळ ते बाजार

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरायचं. सीएसएमटीवरून जलद लोकलला साधारण दोन तास लागतात. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराची गाडी पकडलीत तर आठपर्यंत नेरळ. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. भिवपुरी रोड सोडलं की पुढचं स्टेशन नेरळ. नाश्ता नेरळलाच पोटभर उरकून घ्या. रिकाम्या पोटी वर गेलेला गट चालता चालता खायला काढतो, आणि तिथेच गडबड होते.

नेरळ ते माथेरान ही 21 किलोमीटरची छोटी रेल्वे 1907 साली सुरू झाली. रुळांची रुंदी जेमतेम दोन फूट. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत ती चढते. प्रवास देखणा आहे, पण वर पोचायला अडीच तासांच्या वर वेळ जातो, आसनं मोजकी असतात आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटाच्या रांगेत सकाळ संपते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. एका दिवसाच्या सहलीत दोन्ही बाजूंना हीच गाडी धरली तर फिरायला काही उरत नाही. सोय अशी: वर जाताना नेरळहून शेअर टॅक्सी, आणि गाडीत बसायची हौस दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतच्या शटलवर भागवा. वीसेक मिनिटांची मजा आहे.

टॅक्सी स्टेशनबाहेरच मिळते. माणशी दर ठरलेला असतो, गाडी भरली की निघते, आणि नऊ किलोमीटरचा घाट अर्ध्या तासात चढते. स्वतःची गाडी असेल तर घाटात चढ तीव्र आणि वळणं आखूड आहेत हे लक्षात ठेवा. उतरताना नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच या. बिनगिअरची स्कूटर या घाटात आणूच नये.

दस्तुरीला सगळी वाहनं थांबतात. पुढे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, रुग्णवाहिका तेवढी अपवाद. 2003 साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, पण मोटारबंदी त्याच्या कितीतरी आधीची आहे. गाडी लावताना काचा पूर्ण वर, आत दिसेल असं खाण्याचं काही नको, आणि बाजूचे आरसे मिटवून ठेवा. आरशातल्या ‘दुसऱ्या’ माकडाशी भांडून आरसा खिळखिळा होतो. दुचाकीच्या हँडलला काही अडकवून जाऊ नका.

दस्तुरी ते बाजार साधारण अडीच किलोमीटर. चालत पाऊण तास, रस्ता सावलीचा. शटल आहे, घोडे आहेत, थोड्या ई-रिक्षाही धावतात. घोडा हवा असेल तर आधी दरफलक वाचा, मग बोला. कोणते पॉइंट, किती वेळ, परत कुठे सोडणार, हे तिन्ही आधी ठरवून घ्यायचं. ‘पॉइंट लई लांब आहेत’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकवलं जातं. धडधाकट माणसाला ते लांब नाहीत.

माकड आणि वानर

दोघांना सरसकट माकड म्हणायची सवय आहे, पण इथे फरक कळला तर बरं. लालसर किंवा गुलाबी तोंडाचं, भुरकट अंगाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असलेलं, ते माकड. बाजारात, कठड्यावर, पिशव्यांमागे असतं ते हेच. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं, ते वानर. त्यातला मोठा नर म्हणजे हुप्प्या. वानरं पाल्यावर जगतात, त्यांचं पोट पानं आंबवून पचवायला बनलेलं असतं आणि गोड-तळलेलं खाऊन ती आजारी पडतात. बहुतेक वेळ ती झाडावरच असतात, पण सवय लागलेली वानरं खालीही उतरतात, आणि अंगाने माकडापेक्षा मोठी असतात.

माकडाच्या गालांना आतून पिशव्या असतात. चणे दिसले की ते आधी गाल भरून घेतं, दूर जाऊन बसतं आणि मग हाताच्या पाठीने गाल दाबत एकेक दाणा पुढे आणून चावतं. म्हणून ‘थोडंसं दिलं की जाईल’ हा हिशोब चुकतो. ते भराभर घेतं आणि पुढचं मागतं. तोवर बाकीची टोळी आलेली असते.

चेहऱ्याचे इशारे तीनच लक्षात ठेवा. टक लावून बघणं, भुवया वर ओढणं आणि तोंडाचा ‘आ’ करणं ही धमकी. ओठ पटपट चावल्यासारखे हलवणं ही सलोख्याची खूण. दात विचकणं हा प्रकार मात्र माणसांना फसवतो: लोकांना ते हसतंय असं वाटतं, पण ते घाबरलेलं असतं, आणि घाबरलेलं माकड कोपऱ्यात सापडलं तर चावतं. उलट बाजूने, तुम्ही जवळ वाकून त्याच्या डोळ्यांत बघत दात दाखवून हसलात तर त्यालाही त्यात मैत्री दिसत नाही. सेल्फी घेताना माणसं नेमकं हेच करतात.

फिरायचं कसं

अडतीसच्या आसपास पॉइंट आहेत असं सांगतात. एका दिवसात सगळे करायच्या भानगडीत पडू नका. उत्तरेचा पॅनोरमा पॉइंट बाजारापासून लांब आहे आणि त्याची खरी मजा सूर्योदयाला, तेव्हा तो मुक्कामाच्या सहलीसाठी ठेवा. दिवसाच्या सहलीला बाजार, शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट, लुईझा पॉइंट आणि परत बाजार एवढा फेरा पुरे. थांबत थांबत साडेतीन-चार तास लागतात. शार्लोट तलाव माथेरानला पिण्याचं पाणी पुरवतो, त्यात उतरायचं नाही. काठाजवळच पिसरनाथाचं देऊळ आहे. इथे नारळ-प्रसादामुळे माकडं हमखास असतात, म्हणून देवळातून बाहेर पडताना हात रिकामे ठेवा. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माकड चावण्यापेक्षा माकडाला दचकून मागे सरकणं जास्त धोक्याचं आहे. माथेरानचे पॉइंट म्हणजे सरळ तुटलेले कडे, समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचीवरचे. काही ठिकाणी लोखंडी कठडा आहे, काही ठिकाणी नाही, आणि कड्यालगतची जांभ्याची माती कोरडी असली की गोट्यांवर पाय ठेवल्यासारखी सरकते. माकड झेप घेतल्याचा नुसता आव आणतं, माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने दोन पावलं मागे जातो. मागे काय आहे ते तेव्हा बघितलं जात नाही. म्हणून कड्यावर काही खायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा तिथे उघडायची नाही. फोटो काढताना पाठ दरीकडे करून उभं राहायचं असेल तर गटातल्या एकाने कॅमेरा न बघता फक्त आजूबाजूची माकडं बघायची. माकड दहा पावलांवर आलं की त्याने ‘आत या’ म्हणायचं, आणि सगळ्यांनी फोटो अर्धा सोडून आत यायचं.

जेवण बाजारात परतल्यावर, खिडक्यांना जाळी असलेल्या खाणावळीत. स्वतःचा डबा खायचा असेल तर चहा-ताक मागवून बसू द्याल का, हे आधी विचारा, बरेच जण हो म्हणतात. उघड्यावरच खायची वेळ आली तर झाडाखाली नको, मोकळ्या सपाट जागी गोल करून, पाठी बाहेर आणि डबे मध्ये. एकदम सगळे डबे उघडायचे नाहीत. वाढून झालं की झाकण लागलं पाहिजे.

माकड समोर आलंच तर

पळायचं नाही, ओरडायचं नाही. थांबा, आपण कड्याजवळ आहोत का ते बघा, आणि असलात तर आधी आडवे सरकत कड्यापासून दूर व्हा. हातात काही नसेल तर दोन्ही तळवे उघडे करून दाखवा. रिकामा हात माकडाला कळतो. मुठी आवळलेल्या असतील तर आत काहीतरी आहे असंच ते धरून चालतं. डोळ्यांत बघू नका, पण पाठही फिरवू नका, जरा तिरके होऊन मागे या. पिल्लू जवळ असेल तर दुप्पट अंतर ठेवा. आई लांब दिसली तरी ती बघत असते.

खाण्याच्या वस्तूला त्याने हात घातलाच तर सोडून द्या. ओढाओढीत चावे बसतात, आणि चाळीस रुपयांच्या पाकिटासाठी इंजेक्शनं घ्यायची यात शहाणपण नाही. चष्मा, टोपी, मोबाइल असं काही नेलं तर मागे धावू नका. धावलात की ते झाडावर चढतं आणि वस्तू दरीत जाते. थोडं लांब उभं राहा. खाता येत नाही हे कळलं की बहुतेक वेळा ते वस्तू टाकून देतं. ‘बदल्यात बिस्किट दे’ असा सल्ला लगेच मिळेल. तो मानलात तर चष्मा पळवला की बिस्किट मिळतं, हा धडा माकड शिकतं, आणि पुढच्या माणसाचा चष्मा गेलाच म्हणून समजा.

खांद्यावर चढलं तर? हे फार कमी वेळा होतं, पण झालं तर त्याला धरायचं किंवा झटकायचं नाही. हळूच वाका, तोल गेल्यासारखं वाटलं की ते स्वतः उडी मारतं.

काठी हातात असावी का, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. चालायला आधार म्हणून असू द्या, जमिनीवर एक-दोनदा आपटली तर लहान माकडं सरकतात. उगारायची मात्र नाही. एकावर उगारलेली काठी सगळी टोळी अंगावर घेते. दगड मारणं, गलोल, फटाके यांचा विचारही नको.

चावलं किंवा ओरबाडलं

जखम कितीही लहान दिसली तरी ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. दोन मिनिटांत हात पुसणारे बहुतेक सगळे असतात. सॅकमधली साबणाची वडी यासाठी. मग पोविडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, कात, काहीही भरायचं नाही, आणि जखम घट्ट बांधायची नाही. माकडाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो आणि लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर इलाज उरत नाही, त्यामुळे ‘बघू उद्या’ हे चालत नाही. माथेरानमध्येच दवाखाना गाठा, तिथे लस नसेल तर सहल तिथेच थांबवून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. पहिली मात्रा शक्यतो त्याच दिवशी, पुढच्या तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते स्वतःहून विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही सांगा. नुसतं माकडाने अंगावर हात ठेवला, कातडी कुठेही फाटली नाही, तर धुतलं की झालं.

परतीची वेळ

साडेपाचला बाजारातून निघा. चिक्की, चपला, मध यांची खरेदी अगदी शेवटी करायची आणि चिक्की दुकानातच सॅकच्या आत बांधून घ्यायची. बाजार ते दस्तुरी या अडीच किलोमीटरमध्ये हातात लटकवलेल्या चिक्कीच्या पिशव्या गमावणारे लोक रोज दिसतात. शेवटच्या शटलची वेळ सकाळी येतानाच विचारून ठेवा. साडेसहाच्या आत दस्तुरीला पोचलात तर शेअर टॅक्सी सहज मिळते, अंधार पडल्यावर अख्खी गाडी करावी लागते.

कचरा सगळा खाली नेरळला न्यायचा. वर कचऱ्याचे डबे आहेत, पण माकडं ते उपसतात आणि तुमचंच पाकीट अर्ध्या तासाने रस्त्यावर येतं. डब्यातलं उरलेलं अन्न ‘त्या बिचाऱ्यांना’ म्हणून कठड्यावर ठेवणाऱ्या मित्राला गटाने तिथल्या तिथे थांबवायचं.

घरी आल्यावर कपड्यांवरच्या लाल मातीला पाणी लावू नका. जांभ्याच्या मातीत लोह असतं, ओली करून चोळली की डाग धाग्यात बसतो. कपडे उन्हात कडकडीत वाळू द्या, कोरडेच झटका, ब्रशने माती काढा आणि मग गार पाण्यात वेगळे भिजवा. पांढरे मोजे घालून गेला असाल तर ते विसरा.